टॅक्स किती वाचला ते आधी काढा, मग साहेबांना विचारा, आणि नीट विचारा

जानेवारी २०२६ च्या महापालिका निवडणुकीच्या वेळची गोष्ट. नाशिकला आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत एक उमेदवार आले, पार्किंगमध्ये खुर्च्या टाकल्या, चहा झाला आणि पहिलाच प्रश्न तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी टाकला, की बारा लाखापर्यंत टॅक्स नाही म्हणता मग माझ्या जावयाच्या पगारातून कापला कसा? झालं. उमेदवार हसले, म्हणाले काका ते दिल्लीचं खातं, आम्ही गल्लीतले. मागून कुणीतरी पक्ष बदलण्यावरून टोमणा मारला, त्यावर उमेदवारांनी समोरच्या उमेदवाराच्या घरातलं काहीतरी काढलं, सगळे खो-खो हसले आणि अर्धा तास कुठे गेला कळलंच नाही. पाण्याचं प्रेशर राहिलं, घरपट्टी राहिली, कोपऱ्यावरचा खड्डा तर अजून तिथेच आहे.

मी अंबडला एका कंपनीत अकाउंट्सला आहे, दर फेब्रुवारीला पोरं माझ्या टेबलाशी रांग लावतात, मॅडम माझा एवढा का कापला. त्यामुळे त्या दिवशी मला काकांचा राग आला नाही, राग याचा आला की आपल्याला स्वतःचा आकडा माहीत नसतो आणि तो कुणाला विचारायचा तेही माहीत नसतं, आणि हे पुढाऱ्यांना बरोब्बर कळलेलं असतं. म्हणून हे लिहितेय. एक रविवार लागेल, मिसळ खाऊन आल्यावर बसा.

आधी कागद

डायनिंग टेबल रिकामं करा. नवरा-बायको दोघंही कमावत असाल तर दोघांचे फॉर्म १६ (पगार आणि कापलेला टॅक्स यांचा ऑफिस देतं तो दाखला), फेब्रुवारीची पे स्लिप (फेब्रुवारीचीच का ते पुढे सांगते), मेडिक्लेमच्या या वर्षीच्या आणि गेल्या वर्षीच्या रिन्युअलच्या पावत्या, घरपट्टीचं बिल. शिवाय इन्कम टॅक्सच्या साइटवरून एआयएस, म्हणजे तुमच्या वर्षभराच्या व्यवहारांची डिपार्टमेंटकडची यादी, काढून घ्या, त्यात बँकेचं व्याज, शेअरची विक्री सगळं दिसतं, आणि तुम्ही विसरलात तरी डिपार्टमेंट विसरत नाही.

आता हिशोब

टॅक्स मोजायच्या दोन पद्धती आहेत, जुनी रिजीम म्हणजे वजावटी भरपूर, आणि नवी म्हणजे दर कमी पण बहुतेक वजावटी नाहीत. २०२५-२६ पासून नव्या रिजीममध्ये ४ लाखापर्यंत शून्य, ४ ते ८ ला ५ टक्के, ८ ते १२ ला १० टक्के, १२ ते १६ ला १५, १६ ते २० ला २०, २० ते २४ ला २५ आणि त्यावर ३० टक्के. करपात्र उत्पन्न १२ लाखाच्या आत असेल तर ६० हजारापर्यंतचा रिबेट मिळतो म्हणून टॅक्स शून्य होतो. पगारदारांना वर ७५ हजाराचं स्टँडर्ड डिडक्शन (सरसकट वजावट), म्हणजे पावणेतेरा लाख पगारापर्यंत काही नाही. आदल्या वर्षी याच पगारावर नव्या रिजीममध्ये सेस (टॅक्सवरचा ४ टक्के टॅक्स) धरून ८३,२०० रुपये जात होते. म्हणजे त्या माणसाचे खरोखर ८३,२०० वाचले, महिन्याला जवळजवळ सात हजार. चांगली गोष्ट आहे, चांगली म्हणायला जीभ जड होऊ देऊ नका, तुम्ही कुठल्याही पक्षाचे असा.

आता काकांचा जावई. दुसऱ्या दिवशी काका त्याची पे स्लिप घेऊन वर आले, पिशवीतून काढली, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, कडा सुद्धा दुमडलेल्या नव्हत्या. जावयाचा पगार साडेतेरा लाख. ७५ हजार वजा केले की उरले १२ लाख ७५ हजार, म्हणजे रिबेटची रेघ ओलांडली. मग स्लॅबने २० हजार, अधिक ४० हजार, अधिक १२ च्या वरच्या ७५ हजारावर १५ टक्क्यांनी ११,२५०, एकूण ७१,२५०, त्यावर ४ टक्के सेस, झाले ७४,१०० रुपये. म्हणजे पगार पावणेतेरावरून साडेतेरा झाला, वाढ ७५ हजारांची, आणि त्यातले हातात उरले ९०० रुपये! काका दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग प्रमोशन घेतलं कशाला त्याने."

रेघ थोडीशीच ओलांडली असेल तर मार्जिनल रिलीफ आहे. करपात्र उत्पन्न १२ लाख १० हजार असेल तर टॅक्स ६१,५०० नाही लागत, वरच्या १० हजाराएवढाच लागतो, अधिक सेस. पण हा रिलीफ १२ लाख ७० हजाराच्या आसपास संपतो आणि जावई नेमका त्याच्या पुढे. त्याला एक वाट आहे, ती लिहून ठेवा, कारण एचआर स्वतःहून सांगत नाही. कंपनीने तुमच्या पगाराच्या पॅकेजमधूनच एनपीएसमध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजनेत) पैसे भरले तर बेसिकच्या १४ टक्क्यांपर्यंत ते नव्या रिजीममध्येही वजा होतात. बेसिक ६ लाख असेल तर ८४ हजार वजा, १२.७५ चे झाले ११.९१, टॅक्स शून्य. फक्त ते पैसे रिटायरमेंटचे, सहज हातात येत नाहीत, घराचा हप्ता तोंडावर असेल तर विचार करून करा.

जुनी रिजीम की नवी यावर लोक तासन् तास भांडतात. पगार पावणेतेराच्या आत असेल आणि बाकी उत्पन्न नसेल तर भांडूच नका, शून्याच्या खाली जाता येत नाही. त्याच्या वर असाल आणि गृहकर्जाचं व्याज दोन लाख, ८०सी चे (पीएफ, विमा वगैरे) दीड लाख, आईवडिलांचा मेडिक्लेम, घरभाडं असं सगळं भरभरून असेल तरच जुनी करून बघा, आणि हो, नाशिक मेट्रोत धरत नाहीत म्हणून एचआरए (घरभाडे भत्त्याची सूट) बेसिकच्या ४० टक्क्यांनीच मोजायचा, मुंबईच्या भावाचं बघून ५० धरू नका. ऑफिसला काही कळवलं नाही तर ते नव्यानेच कापतात. आमच्या ह्यांच्या ऑफिसात उलटं झालं होतं, गेल्या वर्षीचं डिक्लेरेशन तसंच पुढे ओढलं, जुन्याने कापत राहिले, जास्तीचे कापलेले पैसे थेट रिटर्न भरल्यावर परत आले. पगारदाराला रिटर्न वेळेत भरताना रिजीम बदलता येते, त्यामुळे घाबरायचं नाही, पण पैसे तोवर अडकतात. शेअर विकून फायदा झाला असेल तर त्यावरचा टॅक्स या रिबेटमध्ये बसत नाही, तोही "बारा लाख फ्री" म्हणणारा कुणी सांगत नाही.

एक गोष्ट मला खटकते ती इथेच सांगते. "कष्टकरी कुटुंबाला दिलासा" असं भाषणात म्हणतात पण आपल्याकडे टॅक्स कुटुंबाला नसतोच, माणसाला असतो. दोघं आठ-आठ लाख कमावतात त्या घरात शून्य. एकटा सोळा लाख कमावतो, बायको घरी सासू-सासऱ्यांचं आणि पोरांचं करते, त्या घरात करपात्र १६ लाखावर १,२४,८०० रुपये. घरात येणारे पैसे तेवढेच. अमेरिकेत नवरा-बायकोला एकत्र रिटर्न भरता येतो, आपल्याकडे ती सोय नाही. आणि दुसरं टोक बघा, आमच्या कंपनीत कॉन्ट्रॅक्टवरचा मुलगा १८ हजारावर काम करतो, त्याला बारा लाखाच्या घोषणेने काय मिळालं, काहीच नाही, कारण त्याचा इन्कम टॅक्स आधीही शून्यच होता.

पण त्याचा एक टॅक्स जातो. फेब्रुवारीची पे स्लिप काढा. प्रोफेशनल टॅक्स, दर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाला २,५००. १८ हजारवाल्यालाही तेवढाच आणि आमच्या प्लांट हेडलाही तेवढाच. बायकांना २०२३ मध्ये माफीची मर्यादा २५ हजार पगारापर्यंत वाढवून दिली, म्हणजे त्याच लाइनवर १८ हजारावर काम करणाऱ्या ताईंचा कापत नाहीत आणि शेजारच्या पोराचा कापतात, पुरुषांसाठी १० हजाराच्या वर गेलं की पूर्ण. बायकांना दिलं ते बरोबरच केलं, मी स्वतः त्यासाठी टाळ्या वाजवल्या असत्या, पण पुढचा प्रश्न कुणी विचारत कसं नाही.

त्या पोराला जो दिलासा मिळाला तो जीएसटीतून. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, शाम्पू, टूथपेस्ट १८ चे ५ टक्के झाले, पॅकेटबंद चिवडा-फरसाण आणि तूप १२ चे ५, वह्या आणि पेन्सिलींवर शून्य, ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकी २८ च्या १८. मोजायचं कसं, तर टॅक्स धरून ११८ रुपयांची वस्तू १०५ ला मिळायला हवी. मेडिक्लेम घरचा स्वतःचा असेल तर १८ टक्के पूर्ण गेले, २४ हजाराच्या प्रीमियमवर ४,३२० रुपये. म्हणूनच दोन वर्षांच्या पावत्या काढायला सांगितल्या, शेजारी ठेवून मूळ प्रीमियमच वाढवला नाही ना ते बघा. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीला ही सूट नाही. दुकानदार जुन्याच भावाने देत असेल तर आधी त्याला शांतपणे विचारा, जुना स्टॉक म्हणेल, पटलं नाही तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे.

हे सगळं एका कागदावर मांडा. इन्कम टॅक्समध्ये एवढे, जीएसटीत अंदाजे एवढे, प्रोफेशनल टॅक्सला काही नाही, घरपट्टी एवढी. तोच तुमचा आकडा.

कुणाचं खातं

इथेच काका फसले. इन्कम टॅक्स केंद्राचा, त्याचा प्रश्न खासदाराला. प्रोफेशनल टॅक्स आणि पेट्रोलवरचा व्हॅट राज्याचा, तो आमदाराला. घरपट्टी-पाणीपट्टी महापालिकेच्या राजीव गांधी भवनातून ठरते, ती नगरसेवकाला, आणि २०१८ ला करयोग्य मूल्य वाढवलं तेव्हा शहरात केवढा गदारोळ झाला होता ते जुन्या नाशिककरांना आठवत असेलच. मार्च २०२२ नंतर तर कितीतरी काळ नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते, तेव्हा विचारायचं कुणाला हाच प्रश्न होता. आता लोक आहेत तर विचारा.

जीएसटी कुणा एकाचा नाही. दर ठरवणाऱ्या जीएसटी काउन्सिलमध्ये केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश लागतं, म्हणजे केंद्र एकटं काही करू शकत नाही आणि राज्यं केंद्राला सोडून काही करू शकत नाहीत. टीव्हीवर एकमेकांचे कपडे फाडणारे पक्ष तिथे एका टेबलावर बसतात, आणि इतकी वर्षं बहुतेक सगळं एकमताने झालंय, मतदानाची वेळ पहिल्यांदा आली ती डिसेंबर २०१९ मध्ये, ती सुद्धा लॉटरीवरच्या टॅक्ससाठी. त्यामुळे "आम्ही कमी केला" म्हणणारा आणि "आमच्यामुळे कमी झाला" म्हणणारा, दोघांनाही विचारता येतं की काउन्सिलमध्ये तुमच्या माणसाने काय भूमिका घेतली होती.

विचारायचं कसं

एक आकडा, एक प्रश्न, आणि शेवटी तारीख. एवढंच. "भाऊ, आमच्याकडे १८ हजारावरच्या मुलाचा वर्षाला २,५०० प्रोफेशनल टॅक्स जातो, बायकांना २५ हजारापर्यंत माफ केला तसा पुरुषांना करायचा प्रस्ताव तुम्ही अधिवेशनात मांडाल का?" मग थांबायचं. थांबणं अवघड असतं, आपल्याला वाटतं अजून दोन वाक्यं टाकावीत, पण दुसरा प्रश्न जोडला की ते सोपा तेवढा घेतात. "तुम्ही लोक" म्हणून सुरुवात करायची नाही. पक्षाचं नाव घ्यायचं नाही. आवाज चढवायचा नाही, कारण तुम्ही चढवला की त्यांना उठून जायला कारण मिळतं आणि बरोबरची पोरं तर वाटच बघत असतात. बघतो म्हणाले तर "कधीपर्यंत, भाऊ?" आणि त्यांच्यासमोरच वहीत लिहायचं. वही दिसली पाहिजे, मोबाईल नको, मोबाईल काढला की त्यांना वाटतं रेकॉर्डिंग चाललंय आणि मग भाषण सुरू होतं.

समोरच्याच्या बायका-पोरांवर, घरावर गेले तर तुम्ही हसू नका. हसलात की ते परत करणार. "भाऊ ते राहू द्या, पाण्याचं सांगा" एवढं म्हटलं तरी पुरतं, मी म्हणून बघितलंय. निवडणूक आयोगाच्या आचारसंहितेत स्पष्ट आहे की टीका धोरणावर, कार्यक्रमावर, केलेल्या कामावर करायची, खासगी आयुष्यावर नाही, आणि कुणाच्या घरासमोर जाऊन निदर्शनं करायची नाहीत. निवडणुकीत ते नियम असतात, एरवी आपणच लावायचे.

आणि एक प्रश्न खिशात ठेवा, मला तो फार आवडतो: "समोरच्या पक्षाचं कुठलं एक काम तुम्ही निवडून आल्यावर तसंच चालू ठेवाल?" आमच्याकडे त्याच आठवड्यात दुसऱ्या एक उमेदवार आल्या होत्या, साध्या कॉटनच्या साडीत, हातात पेन. त्यांना मी हे विचारलं. बरोबरचा कार्यकर्ता गालात हसला, त्याला वाटलं ताई उडवून लावणार. त्यांनी पेनचं टोपण दोनदा लावलं-काढलं आणि म्हणाल्या, आधीच्यांनी जॉगिंग ट्रॅक चांगला केलाय, मी फक्त दिवे लावीन. घरपट्टीच्या सवलतीचं विचारलं तर म्हणाल्या मला पक्कं माहीत नाही, उद्या सांगते, आणि खरंच दुसऱ्या दिवशी मेसेज आला की एप्रिल ते जून लवकर भरणाऱ्याला सवलत असते, लवकर भराल तेवढी जास्त. त्या निवडून आल्या की पडल्या ते लिहीत नाही, उगाच इथे दुसरंच सुरू होईल.

नाशिकला हे नवीन नाही खरं तर. १९६३ च्या पोटनिवडणुकीत यशवंतराव चव्हाण इथून लोकसभेवर बिनविरोध गेले. चीनच्या युद्धात त्यांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला बोलावलेलं, आणि विरोधकांनी त्यांच्यापुढे उमेदवारच उभा केला नाही. म्हणजे विरोधक काही त्यांचे भक्त झाले नव्हते, पुढच्या निवडणुकीला परत शड्डू ठोकून तयार. गंमत अशी की हेच यशवंतराव पुढे अर्थमंत्री झाले आणि त्यांच्या काळात सगळ्यात वरच्या स्लॅबचा दर सरचार्ज धरून ९७.७५ टक्क्यांवर गेला, शंभरातले सव्वादोन रुपये हातात, आणि मग १९७४ च्या बजेटमध्ये त्यांनीच तो खाली आणला. आपलाच आकडा जड झाला हे कळल्यावर मागे यायला जी तयारी लागते ना, ती मी आता पुढाऱ्यांत शोधते, गोड बोलणं नाही. गोड तर सगळेच बोलतात, दारात आल्यावर.

ऐकायची सवय आपल्यालाही लावावी लागते. मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमालेला जाऊन बसा, एक तास दुसऱ्याचं न पटणारं ऐकून घरी येऊन जेवता येतं का बघा. मला पहिल्या वर्षी नाही जमलं, मी पाऊण तासाने भेळ खायला उठले.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं काय करायचं

फार काही करता येत नाही. आमच्याकडे एवढाच नियम केलाय की टॅक्सवर पोस्ट टाकायची तर सोबत स्वतःचा आकडा टाकायचा, पगार नको, फक्त किती वाचले किंवा वाढले तेवढं. फॉरवर्ड आपोआप अर्धे झाले. जे उरले ते गुड मॉर्निंगचे.

काकांनी शेवटी खासदारांना पत्र लिहिलं. मी कच्चं वाचलं, सुरेख होतं, साडेतेरा लाख, ७४,१०० आणि ९०० रुपयांचा हिशोब अगदी पायरी-पायरीने, आणि प्रश्न एकच, की मार्जिनल रिलीफनंतरचा हा कडा जरा उताराचा करता येईल का. फक्त शेवटी एक ओळ होती, "आपण पाच वर्षांतून एकदाच दिसता हे आमचं भाग्यच." मी म्हटलं काका, ही ओळ काढा, हिशोब एवढा चांगला झालाय, ते हीच ओळ वाचतील आणि पत्र बाजूला ठेवतील. बराच वेळ हो-नाही झालं. मग काढली. पत्र स्पीड पोस्टाने गेलं, पावती त्याच प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये लागली.

ती ओळ रात्री साडेनऊला ग्रुपवर आली. खाली काकांचा आकडा पण होता.